सूर्यभाननं भिंगारचा बँड आनला

आमच्या गावात सूर्यभान भोंगेवाला कुठं ऱ्हातो म्हनून इचारलं, तर शेंबडं पोरगंबी बोट दाखवील. दारात लिंबाचं झाड, आन् त्या लिंबाला बारा महिने एक भोंगा टांगलेला. काम असू दे नायतर नसू दे, भोंगा झाडावरच. मी एकदा म्हनले, "आरं, काढून ठिव की घरात." तर म्हनतो, "मावशे, हवा लागू द्यावी. घरात ठिवला की आवाज कोंदट व्हतो." आता पत्र्याच्या भोंग्याला कसली आलीय हवा! पर त्याला तसं वाटायचं. आमची म्हस त्या भोंग्याकडं तोंड करून रवंथ करायची, एवढाच काय त्यो उपेग.

त्याचा धंदा लाऊडस्पीकरचा. लग्न, बारसं, जत्रा, निवडनूक, काय असंल त्ये. एक मशीन, दोन भोंगे, मोटारीची बॅटरी आन् तव्यांची पत्र्याची पेटी. तवे म्हंजी गान्याच्या काळ्या तबकड्या, आमी तवेच म्हनायचो. गावात लाईट आल्ती, पर ती पिठाच्या गिरनीला आन् पंचायतीला. बाकी सगळं कंदिलावर. म्हनून बॅटरी.

मानूस उंच, सडपातळ, आन् मान कायम एका अंगाला कललेली. कोंबडी दाना टिपायच्या आधी कशी बघती, तशी. बोलता बोलता मधीच गप व्हायचा. मी म्हनायचे, "काय रं, जीभ गिळली का?" तर म्हनायचा, "गप ऱ्हा मावशे. यष्टीनं गेर बदलला बघ. सुप्याकडनं येतीय." आन् थोड्या येळानं खरंच यष्टी यायची. आता यष्टी तशीबी येनारच हुती, त्यात ह्यानं ऐकून काय मोठं केलं? पर त्याला लई समाधान वाटायचं.

बाप गेलेला. आई बनुबाई, तिला ऐकूच यायचं कमी, म्हंजी देवानंबी चेष्टाच केली म्हनायची. घरात सत्ता थोरल्या भावाची. त्याचं नाव कारभारी, आन् समदा कारभारबी त्याच्याच हातात. इहीर हुती, मोट हुती, चार बैलं हुती. त्याला ह्या भोंग्याचा भारी राग. म्हनायचा, "दुसऱ्यानं गायचं, तिसऱ्यानं तवा काढायचा, आन् ह्यानं सुई ठिवायची. ह्यात गड्याचं काम कुठलं?" सूर्यभान काय बोलायचा न्हाई. बोलनारा मानूसच न्हवं त्यो. ऐकनारा मानूस.

सत्तर सालच्या दिवाळीनंतर त्याचं मशीन खोकाया लागलं. गानं मधीच खरखर करायचं, आन् लग्नाच्या तर तिथी तोंडावर आलेल्या. मशीन पोत्यात घालून त्यो नगरला गेला, आन् तिथनं भिंगारला. भिंगारात मिलिट्रीच्या कॅम्पाला लागून एक मिस्त्री हुता, रेडिओ दुरुस्त करायचा. सूर्यभान दुकानात बसला आन् मिस्त्रीनं मशीन खोललं. तेवढ्यात मागच्या अंगानं गानं आलं.

ही मान कलली.

त्यानं इचारलं, "मिस्त्री, ह्यो कोनता तवा? माझ्याकडं न्हाई ह्यो."

मिस्त्री तारा जोडत म्हनला, "तवा न्हाई त्यो."

"मग रेडिओ?"

"रेडिओबी न्हाई. जा, मागं जाऊन बघ, आन् मला काम करू दे."

मागं पत्र्याची शेड, कवा तरी शेळ्या बांधायची. त्यात चार पोरं. एकाच्या गळ्यात गिटार, तिला वायर लावलेली. दुसऱ्याच्या गळ्यात तसलीच, जरा थोराड. तिसरा ढोलांच्या घोळक्यात बसलेला. चौथा माईकपाशी. आन् अंगावर काय? पत्र्याच्या शेडमधी, तीन-तीन गुंडीचे डगले, समद्या गुंड्या लावलेल्या. खाली पॅंट इतकी आवळ, की उसाला पाचट चिकटावं तशी. केस कपाळावर वढून भुवईपतूर. मोठ्या ढोलावर लाल, पांढरं, निळं, एकात एक गोल काढलेलं. कॅम्पातल्या रद्दीत त्यांना इलायती मासिकं घावली हुती, त्यातल्या पोरांची ही नक्कल. नकलेत काय वाईट न्हाई. आमची नातबी सिनेमातल्या बाईगत पदर घेती.

गानं मात्र नक्कल न्हवतं. सूर्यभाननं इचारलं, "हे कोनत्या पिक्चरमधलं?"

माईकपाशी जो हुता त्याचं नाव शांतवन. मिशनच्या शाळेतल्या मास्तरांचा पोरगा, त्यांच्या चर्चमधली पेटी वाजवून वाजवून तयार झालेला. त्यो म्हनला, "कुठल्याच पिक्चरमधलं नाही. आमचं आहे."

"तुमचं म्हंजी?"

"म्हणजे आम्हीच केलंय. काल."

सूर्यभान खोक्यावर बसला. त्याला आजवर एवढंच ठाव हुतं, की गानं मुंबईत हुतं आन् तव्यात बसून येतं. काल केलं आन् आज वाजिवलं, म्हंजी भाकरीच झाली की! म्हनला, "परत म्हना." त्यांनी परत म्हनलं. मलाबी पुढं त्ये पाठ झालं, ऐकून ऐकून:

सायकलला माझ्या दिवा नाही गं,
भिंगारचा उतार थांबत नाही गं.

आता ह्यात काय हाय? काय न्हाई. दिवा न्हाई, उतार हाय, पोलीस उभा हाय, आन् खाली पोरगी वाट बघतीय. पर ढोलवाला, छगन त्याचं नाव, बाप नगरच्या लग्नाच्या बँडात मोठा ढोल बडवायचा, तवा हात घरातनंच आलेला. त्यानं असा ठेका धरला, की सूर्यभानचं पाय आपोआप हालाया लागलं. मशीन तसंच मिस्त्रीकडं ऱ्हायलं, शेवटची यष्टी गेली, आन् आमचं ध्यान दुसऱ्या दिशी गावात उगवलं.

मग काय, दिसंल त्याला तेच. "भिंगार बॉईज," म्हनायचा, "नाव ध्यानात ठिवा." पिठाच्या गिरनीवर तेच, पारावर तेच. माझ्या घरी आला आन् हंड्यावर वाजवून दाखिवलं. हंडा नवा हुता. मी म्हनले, "सूर्यभान, तुझं लगीन व्हायला पायजे. पोचा तुझ्या बायकूच्या हंड्याला पडू दे."

आन् झालं तसंच, जमलंच त्याचं लगीन. पोरगी पाथर्डीकडची. तिकडली लोकं दसऱ्याला ऊसतोडीला जात्यात, ती चैतापतूर घरी नसत्यात. म्हनून पोरगी बघाया आमाला श्रीरामपूरकडं जावं लागलं, कारखान्याच्या तळावर. उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हंजी झोपड्याच, समोर बैलगाड्या उभ्या, आन् कोपीम्होरं घोंगडी टाकलेली. मी गेल्ते, कारभारी, आन् नवरदेव.

पोरगीचा बाप न्हवता. मामानं वाढिवलेली. मामा भिमाजी, टोळीचा मुकादम. धिप्पाड मानूस, आन् तोंड कोयत्यावानी. त्याची ख्याती मोठी. म्हनं जेवाया बसला की आमटीला नाव ठिवतो, उठला की पाटाला. स्वताच्या भावाच्या लग्नात मांडवाला नाव ठिवलं आन् मांडव परत बांधाया लावला.

पोरगी पानी घिऊन आली. कारभारीनं इचारलं, "नाव काय बाळ?"

"पुष्पावती."

सूर्यभानची मान कलली. म्हनला, "परत सांग."

"पुष्पावती."

"अजून एकदा."

पोरगीनं तांब्या खाली ठिवला आन् म्हनली, "भोंग्यातनं सांगू का?"

मला हसू आवरंना. भिमाजी म्हनला, "आवं, नवरदेव बहिरा हाय का काय? तसं असंल तर आधी सांगा." मी म्हनले, "बहिरा न्हाई हो मुकादम, उलटं हाय. त्याला जास्तच येतं." पोरगी पसंत पडली म्हनून इचारायचीबी गरज पडली न्हाई. आमी निघंपतूर सूर्यभान कोपीच्या कुडाकडं कान लावून बसलेला.

सुपारी फोडायची येळ आली. ठरलं असं, की लगीन आमच्या गावात, वैशाखात, तळ उठल्यावर. भिमाजी म्हनला, "आमचं मागनं काय न्हाई. वाजंत्री तेवढी चांगली पायजे. सहा महिने कोयत्याचा आवाज ऐकतोय आमी, कानाला जरा बरं वाटू द्या."

कारभारी म्हनला, "त्येची काळजी नगं. नगरचा बँड आनतो. लाल डगल्यांचा, पितळी वाजपाचा."

आन् आमचा मुका मानूस बोलला. "माझ्या लग्नात भिंगारची पोरं वाजिवतील."

"कोन पोरं?"

सूर्यभाननं सांगितलं. गिटार सांगितली, ढोल सांगितलं, सायकलचा दिवा सांगितला. कारभारीचं तोंड उतरत गेलं. पाव्हन्याम्होरं भाऊ असलं काय बोलतोय म्हनल्यावर त्याला लाज वाटली आन् लाजेचा झाला राग. म्हनला, "बरं. तुझ्या मनासारखं हू दे. पर मुकादम, तुमी साक्षी. त्या पोरांनी वाजवायचं, आन् तुमी ऐकायचं. तुमी नाव ठिवलं, तर ह्यानं दुसऱ्या दिशी मशीन आन् भोंगे इकायचे, आन् माझ्यासंगं मोट धरायची. जल्मभर. परत तवा घरात दिसला न्हाई पायजे."

मला वाटलं न्हाई म्हनंल. पर त्यो म्हनला, "कबूल."

भिमाजी मांडीवर थाप मारून हसला. "मलाच पंच केलं व्हय! आवं, मी आधी नाव ठिवतो आन् मग बघतो."

येताना यष्टीत मी सूर्यभानला म्हनले, "बाबा, त्यो मानूस देवालाबी नाव ठिवंल. तू कशाला हात दिलास?" त्यो खिडकीतनं भाईर बघत हुता. म्हनला, "मावशे, एकदा समद्यांनी ऐकावं एवढंच." बस. मग सुप्यापतूर यष्टीच्या गेराकडं कान.

वैशाख आला. पोरं आली. दोघं यष्टीनं, टपावर ढोल बांधून, आन् दोघं लॅम्ब्रेटा स्कूटरवर. त्या स्कूटरला आरसे किती! हँडलाला आरसे, पुढं आरसे, आरशाला आरसे. मी म्हनले, "का रं, न्हाव्याचं दुकान लुटलं का?" शांतवन म्हनला, "मावशी, फॅशन आहे." फॅशन असू दे. वऱ्हाडातल्या बायांना घरात आरसा एकच, त्योबी बनुबाईच्या खोलीत. समद्या जनी स्कूटरला घेरून उभ्या ऱ्हायल्या आन् एकेका आरशात कुंकू लावाया लागल्या. त्यातल्या भागूबाईनं तर सासूला मागनं बघून घेतलं, कोनाशी काय बोलतीय त्ये.

ऊन मी म्हनत हुतं. पोरं घामानं निथळत हुती, पर गुंडी काढायला तयार न्हाई. मी म्हनले, "डगला काढा रं, शिजाल." तर शांतवन म्हनतो, "कोट काढला तर मग बँड कसला राह्यला मावशी?" म्हनलं मरा. ताकाचा तांब्या दिला.

सूर्यभाननं मांडवाला लागून फळ्यांचा ओटा बांधलेला, दोन अंगाला दोन भोंगे, खाली बॅटरी. लई येवस्थेशीर. हळदीचं अंग घिऊन स्वताच वायरी तपासत हुता. बाया वरडल्या, "आरं, नवरदेवानं काम करू न्हाई!" तर म्हनला, "हे काम कुठं हाय?"

मग घोडं आलं. बाशिंग बांधलं. कारभारी मांडवातनं म्हनला, "चला, परण्या काढा. वाजंत्री घाला पुढं."

आन् सूर्यभान तसाच उभा ऱ्हायला. घोड्याच्या रिकिबीत एक पाय.

आता हे जरा समजून घ्या. आमच्याकडं नवरदेव आधी घोड्यावरनं मारुतीला जातो. त्याला परण्या म्हनत्यात. तिथं पाराजवळ पोरीकडले त्याला कपडे करत्यात, मग वाजतगाजत मांडवात. वाजंत्री पुढं चालती, नवरदेव मागं. शेंबड्या पोरालाबी हे ठाव. ठाव न्हवतं एकाच मानसाला. सूर्यभान उभ्या तालुक्यातल्या लग्नात हुता, पर कायम मांडवात, मेढीवर चढून भोंगा बांधत. परण्या कवा जातो, कसा जातो, त्यानं जल्मात बघितलेलं न्हाई. त्याच्या हिशेबानं वाजप म्हंजी एका जागी बसलेली गोष्ट, आन् लोकं तिच्याकडं येत्यात.

शांतवन म्हनला, "चला म्हणजे? स्टेज तर इथं आहे."

छगनला मातुर कळलं. बाप बँडात. त्यो कपाळाला हात लावून म्हनला, "मेलो. मी धरून चाललो हुतो, तुमी काय तरी सोय केली असंल."

वायरी दोनच हात लांब. ढोल जमिनीवर ठिवायचे. मशीनला बॅटरी, बॅटरीला दोन मानसं. चालनार कसं? कारभारी मांडवाच्या खांबाला टेकून तंबाखू मळत हुता. मी त्याच्याकडं बघितलं तर म्हनला, "मी काय बोललो का?"

मग धावपळ. आमची बैलगाडी आनली. तिच्यात कडब्याच्या पेंढ्या टाकल्या, वर बॅटरी, मशीन, ढोल, आन् ढोलात छगन. पुढल्या दांडीला भोंगा बांधला. गिटारवाली दोघं आन् शांतवन गाडीमागं पायी, वायरीनं गाडीला जोडलेली. बाजाराला शेळ्या नेत्यात ना, अगदी तशी. शेजारची केशरबाई म्हनली, "ह्यांना इकायला चाललेत का काय?"

सूर्यभान घोड्यावर चढला आन् हात वर केला. छगननं स्टँडवरची पितळी थाळी हानली, झण्णदिशी.

बैलं चौखूर. गाडी घेऊन सरळ उकिरड्याकडं. गिटारवाल्याचा एक टोकदार बूट वाटंतच ऱ्हायला, शांतवन वायरीसंगं पळतोय, पळता पळता केस सावरतोय. गडी आडवं आलं, बैलं धरली. कुनाला काय लागलं न्हाई. बैलांना चुचकारलं, परत आनलं, परत थाळी वाजली, आन् बैलं परत उकिरड्यात. तिसऱ्या खेपंला तर बैलांनी थाळी वाजायची वाटबी बघितली न्हाई.

भटजी वरडतोय, "मुहूर्त! मुहूर्त!" परण्या दारातच. शाळंत उतरलेलं पोरीकडलं वऱ्हाड वाजंत्रीचा आवाज का ईना म्हनून बघाया आलं. पुढं भिमाजी, फेटा बांधून. त्यानं उकिरड्यातली गाडी बघितली, पोरांच्या पॅंटी बघितल्या, आन् मिशीला हात घातला. कारभारी हळूच म्हनला, "मुकादम, हलगी बोलवू का? गावात हाय."

सूर्यभाननं त्ये ऐकलं. ऐकनारच. त्यो घोड्यावरनं उतरला, बाशिंगासकट. बैलं सोडली, एका गड्याच्या हातात दिली, आन् स्वता जुवाखाली खांदा घातला. मुंडावळ्या डोळ्यावर आलेल्या, हळदीचं अंग, आन् हा गाडी वढाया लागला! गाडी काय हालती व्हय एकट्यानं? जुवाला हळद लागली तेवढी.

भिमाजी चार ढांगात गेला. "आरं ए! हळदीच्या अंगानं जू धरतो व्हय? आमच्या पोरीनं काय बैलाशी लगीन लावायचं? सोड!"

सूर्यभान म्हनला, "न्हाई सोडत. वाजलं पायजे."

"सोड म्हनतो ना!" भिमाजीनं त्याला बखोटीला धरून भाईर काढलं. पर काढल्यावर आली का पंचाईत! गाडी तशीच, मुहूर्त जवळ, आन् पोरीच्या नवऱ्यानं धरलेलं जू मामानं सोडवलेलं. आता त्ये भुईवर टाकनं बरं दिसतंय? भिमाजी त्या जुवाकडं बघत ऱ्हायला. मग फेटा काढून माझ्या हातात दिला आन् टोळीला म्हनला, "बघताय काय? चिखलातनं भरल्या गाड्या काढता, ह्यो कडबा न्हाई निघत? या म्होरं."

टोळीतले गडी आले. कोन जुवाला, कोन चाकाला. भिमाजी मधी. सूर्यभानला घोड्यावर फेकला म्हना ना. आन् भिमाजी मागं न बघता वरडला, "वाजवा रं, काय वाजवायचं त्ये!"

छगननं थाळी हानली. ही बैलं काय उधळली न्हाईत.

सायकलचंच गानं. गाडी हालली. गल्लीतनं निघाली. भोंगा पुढं, गडी जुवाला, छगन पेंढ्यांवर हेलकावे खात बडवतोय, मागं तीन डगले. म्हाताऱ्यांनी कानावर हात ठिवलं. पोरीबाळी हसत हुत्या. बनुबाईला पहिल्यांदाच कायतरी ऐकू आलं, ती म्हनली, "गिरनी चालू झाली का?" मी म्हनले, "व्हय, तुमच्या सूर्यभानची."

चावडीपाशी गानं संपलं. तिथनं मारुतीपतूर चढ. गाडी जड झाली, आन् भिमाजी दम लागून वरडला, "ए डगलेवाल्या! बंद का केलं? चढ हाय म्होरं!"

शांतवन म्हनला, "दुसरं घेऊ का? एक हळू गाणं आहे आमचं."

"हळू काय करायचंय! त्येच म्हन, उतारावालं!"

आन् चढावर उताराचं गानं. गड्यांचे पाय त्या ठेक्यात पडाया लागले. कुनी तरी मधीच "हुईऽऽ" केलं, ऊस भरताना करत्यात तसं, आन् छगननं त्यो "हुई" बरोबर ठेक्यात धरला. मग तर दर वळनाला हुई. सूर्यभान घोड्यावर मान कलती करून बसलेला. बाया ओवाळाया आल्या तरी ध्यान न्हाई. मारुतीपाशी नमस्कार करायचाबी इसरला, मीच वरडले, "आरं, देवाकडं बघ, भोंग्याकडं काय बघतो!"

लगीन लागलं. येळंवर लागलं म्हना, भटजीनं मंगलाष्टका जरा पळवल्या.

पंगत बसली. पोरीकडली मंडळी आधी. पोरांनाबी पानावर बोलिवलं, पर त्या पॅंटी! मांडी घालायची सोयच न्हाई. एकानं परयत्न केला आन् मागनं टर्रदिशी आवाज आला, सूर्यभाननं तेवढ्या गर्दीतबी त्यो ऐकला आन् वळून बघितलं. मग चौघंबी पत्रावळ हातात घिऊन उभ्यानंच लापशी खात ऱ्हायली, पानंदीतल्या घोड्यावानी.

भिमाजी पंगतीत मधोमध. खांद्याला जुवाचा वळ. कारभारी स्वता वाढायला गेला, आन् लापशीचा डाव तसाच हातात धरून उभा ऱ्हायला. मोठ्यांदा म्हनला, समद्यांना ऐकू जावं म्हनून, "मुकादम, आपलं बोलनं ध्यानात हाय ना? काय नाव ठिवायचं त्ये ठिवा."

सूर्यभान मांडवाच्या मेढीपाशी उभा, शेला पुष्पावतीच्या पदराला बांधलेला, तवा पळताबी येईना. बँडच्या पोरांना बिचाऱ्यांना ठावबी न्हवतं काय ठरलंय त्ये, मीच कानात सांगितलं आन् चौघांनी घास तोंडातच धरला.

भिमाजीनं आमटीचा भुरका मारला. म्हनला, "आमटी पानचट हाय."

"आमटीचं न्हाई," कारभारी म्हनला. "बँडचं."

"सांगतो की. घाई हाय का? पॅंटी बघा. ह्यांच्या शिप्यानं कापड चोरलंय. केस बघा, आंधळी हुनार ही पोरं. थाळी तर अशी, की माझी बैलं असती तर बीडला निघून गेली असती. आन् गानं." भिमाजी थांबला. "गानं काय मला कळलं न्हाई."

कारभारीनं डाव खाली ठिवला.

भिमाजी म्हनला, "पर गाडी हलकी लागली."

त्यो लापशी कालवत म्हनला, "तीस वर्सं गाड्या वढतोय. मानूस कळतो, वजन कळतं. चढाला गाडी जड व्हायला पायजे हुती. न्हाई झाली. का न्हाई झाली त्ये मला इचारू नगा."

कारभारी म्हनला, "म्हंजी नाव ठिवलं का न्हाई? सरळ सांगा."

"आवं, जी गाडी मी वढली तिला नाव ठिवू? लोकं मला काय म्हनतील? लापशी वाढा."

टोळीतले गडी फिदीफिदी हसाया लागले. कारभारीनं डाव उचलला आन् लापशी वाढली. वाढली ती बचकभर, भिमाजीच्या पानात मावंना. कारभारीचं एक हाय, शब्द पाळायचा. त्यानं पुन्हा भोंग्याचं नाव काढलं न्हाई, चांगलंबी न्हाई आन् वाईटबी न्हाई. मोटंवर दुसरा गडी ठिवला.

गावाला बँड आवडला असं म्हनता यायचं न्हाई. महिनाभर गावची पोरं मांडी न घालता उभ्यानं जेवायची नक्कल करत हुती, तेवढंच. दुसऱ्या कुनी त्यांना लग्नाला बोलिवलं न्हाई. कोन बोलावनार? प्रत्येकाकडं वढायला टोळी कुठं असती?

दसऱ्याच्या आधी भिमाजीचा निरोप आला, यष्टीच्या कंडक्टरसंगं. कारखाना सुरू व्हायचा हाय, उसाची पहिली मोळी टाकायला टोळी वाजत जानार, ती पोरं घिऊन ये. सूर्यभान त्याच दिशी भिंगारला गेला. शेडला कुलूप. मिस्त्री म्हनला, शांतवन पुन्याला लागला कंपनीत, पाळीची नोकरी. दोघा गिटारवाल्यांना घरच्यांनी मिलिट्रीच्या भरतीला उभं केलं. छगन बापाच्या बँडात, लाल डगला घालून. गानी कुनी लिहून ठिवली न्हवती, आन् तवा तर कवाच निघाला न्हाई.

परत आला तवा मी पुष्पावतीसंगं दारात शेंगा फोडत बसले हुते. तिनं इचारलं, "घावली का पोरं?"

"पांगली."

"मग मामाला काय सांगायचं?"

त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठिवली. म्हनला, "मीच जातो, मशीन घिऊन. तू येतीस का? त्ये उताराचं तुला समदं येतंय."

पुष्पावती म्हनली, "मला? माईकवर? अगं बया!" आन् शेंगांचं सूप माझ्या मांडीवर सरकवून आत गेली, लुगडं कोनतं नेसावं त्ये बघाया.